एक कोटी ब्याण्णव लाखांचं जेवण

“आत्या, तुमच्या अकरा लाखांचे पाडव्यापर्यंत बावीस होतात,” जावई म्हणाला आणि त्याने पाचवी चपाती घेतली.

आमच्या कोल्हापूरकडं जावई सासूला आत्या म्हणतो. याचं नाव धैर्यशील. पतसंस्थेत कारकून. आईबापांनी त्याचं धैर्यही आणि शीलही नावातच खर्च करून टाकलं होतं. पण माणूस वाईट नव्हता. जेवणारा तर फारच चांगला होता.

“आणि बावीस नाही झाले तर?”

“नाही झाले तर वीस होतील.”

“त्याच्या खाली उतरायची तयारीच नाही का तुझी?”

माझी लेक उज्ज्वला गॅसपाशी उभी होती, ती पाठ फिरवून हसली. नवऱ्याला हसायचं तर पाठ फिरवून, एवढं मी तिला शिकवलंय.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एमआयडीसीत माझी खानावळ होती. लांब पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या, दारात बोअर. जागा इंगवले आण्णांची. आण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं कारकून होते, आणि रिटायर झाल्यावरही माणसाकडं असे बघायचे, की यातली गाडी किती आणि ऊस किती. एकवीस वर्षं मी त्यांना भाडं देत आले. त्या जूनमध्ये ते येऊन म्हणाले, “मालन, जागा इकायची हाय. अठरा लाख. पयला मान तुझा. पाडव्यापतूर दे, न्हाईतर बारवाला तयार हाय.”

माझ्याकडं अकरा होते. सात कमी. बँकेत गेले तर साहेब म्हणाला, “बाई, तुमचं उत्पन्न कागदावर कुठं दिसत नाही.” मी म्हटलं, ते लोकांच्या पोटात आहे. तो हसला आणि फाईल परत दिली.

म्हणजे पाडव्याला शेडमध्ये बार होणार, आणि मी पन्नाशी ओलांडल्यावर कुणाच्या तरी लग्नात चपात्या लाटायला जाणार. ते मला जमणार नव्हतं. मी कधी कुणाच्या हाताखाली काम केलेलं नाही. नवऱ्याच्यासुद्धा नाही. तो होता तोवर बिचारा माझ्या हाताखाली होता.

धैर्यशीलला ही नड माहीत होती, म्हणून तो एका कंपनीचा कागद घेऊन आला होता. कंपनीचं नाव सुवर्णध्वज ऑटोकास्ट. आमच्या शेडच्या समोरच तिचं फाटक. ट्रॅक्टरचे ओतीव भाग करायची. शेअरचा भाव एकशेबारा. त्याने माझ्या नावाचं खातंही काढलं होतं, आणि पंचवीस शेअर घेऊनसुद्धा टाकले होते. चव बघायला, म्हणाला.

“ध्वज बसलीय,” मी म्हटलं.

“कुणी सांगितलं?”

“डब्यांनी.”

मला हे शास्त्र पक्कं येत होतं. वैशाखापर्यंत ध्वजच्या फाटकात माझे चौसष्ट डबे जायचे. आता जात होते एकोणीस. माणसं काढल्याशिवाय डबे कसे कमी होतील? कुठल्या कारखान्यात दुसरी पाळी बंद होणार हे मला युनियनच्या आधी कळायचं. एका कारखान्याचा मालक तर माझ्याकडं माणूस पाठवून विचारायचा, शेजारच्या कारखान्यात किती डबे जातात म्हणून.

धैर्यशील इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

“आत्या, त्यांनी अक्षय तृतीयेला स्वतःचं कॅन्टीन काढलंय. दहा रुपयांत पोटभर. माणसं कमी नाही, उलट वाढलीत. फक्त ती तुमच्याकडं येत नाहीत.”

“मला कुणी बोललं नाही.”

“तुम्हाला कोण बोलणार?”

हे खरं होतं. डबा बंद करताना एकेकाने मला सांगितलं होतं, की गावाकडनं बायको आलीय. एका महिन्यात पंचेचाळीस जणांच्या बायका गावाकडनं आल्या, आणि मी प्रत्येकाला “नांदा सुखानं” म्हणून वाटीभर चटणी बांधून दिली होती. त्यातल्या तिघांचं तर लग्नच झालेलं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवस मी जरा हळू आवाजात बोलले. धैर्यशीलने त्याचा फायदा घेतला. दुपारी तीननंतर खानावळ रिकामी व्हायची, तेव्हा तो कंपनीचं वर्षाचं जाड पुस्तक घेऊन बसायचा. गुळगुळीत कागद, वर मालकाचा फोटो, सगळं इंग्रजीत. मी तिसरी शिकलेली. इंग्रजीतले फक्त आकडे येतात, तेही सिलेंडरच्या पावत्यांमुळं. उज्ज्वला लसूण सोलायची, मी विचारायची आणि तो वाचून सांगायचा.

“विकलं किती?”

“एकशेचाळीस कोटी.”

“गेल्या साली?”

“एकशे अठरा.”

“आणि सगळं भागवून उरलं?”

“अकरा कोटी.”

“म्हणजे शंभराला आठाच्या आत. बरं आहे. मला बारा उरतात, पण मी स्वतः राबते. कर्ज?”

“बावीस कोटी. गेल्या वर्षी तीस होतं.”

“फेडतात म्हणजे. लोकांकडनं येणं?”

“एकोणीस कोटी.”

उज्ज्वलाने भागाकार करून सांगितलं, पन्नास दिवसांची विक्री होते. “पन्नास दिवस उधारी?” मी म्हटलं. “मी पंधराव्या दिवशी डबा बंद करते.”

“ट्रॅक्टरवाल्यांना तुमच्यासारखा धाक कोण घालणार?”

“गिऱ्हाईकं किती आहेत?”

हे त्याला पटकन सापडेना. सापडलं तेव्हा जरा बारीक आवाजात वाचलं. दोनच कंपन्या मिळून सत्तर टक्के माल उचलत होत्या.

“हे वाईट,” मी म्हटलं. “दोन बिनलग्नाच्या पोरांवर खानावळ चालवल्यासारखं. त्यांचं लग्न झालं की आपलं दुकान बंद.”

“आत्या, कंपन्यांची लग्नं होत नाहीत.”

“होतात. पेपरात येतं की, ही कंपनी त्या कंपनीत गेली. सासरी गेलेली पोरगी माहेरच्या खानावळीत डबा लावत नाही.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं. का ते देवाला माहीत.

“एका शेअरमागं वर्षाला कमवते किती?”

“साडेदहा रुपये.”

“आणि मागतायत एकशेबारा. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांची कमाई आधीच मोजायची.”

“बाजारात लोक तीस-तीस वर्षांची मोजतात.”

“त्यांना माझा नमस्कार सांग.”

“आई,” उज्ज्वला म्हणाली, “तू वांगी घेताना एवढं विचारत नाहीस.”

“वांगं कापल्यावर कळतं. हे कापता येत नाही.”

तरी दुसऱ्या दुपारी माझे प्रश्न संपले. दोन गिऱ्हाईकांचं सोडलं तर बोट ठेवायला जागा नव्हती. विक्री चढती, कर्ज उतरतं, मालकाचा स्वतःचा साठ टक्के हिस्सा. आणि कॅन्टीनच्या बाबतीत तोंडावर आपटल्यावर माझ्या शास्त्राला आता कोण विचारणार? मी म्हटलं, ठीक. सप्टेंबरात कंपनीची वर्षाची सभा होती. पंचवीस शेअरवाल्यालाही बोलावणं असतं. मालकाचं तोंड बघते आणि चेक देते. अकरा लाखांचा चेक उज्ज्वलाकडनं लिहून घेतला, मी सही केली आणि पर्समध्ये ठेवला.

सभा त्या नव्या कॅन्टीनमध्येच होती. मी ठेवणीतली इरकल नेसून गेले. पन्नासेक माणसं होती. त्यांतली निम्मी भाषणाकडं कमी आणि मागच्या टेबलावरच्या झाकलेल्या पातेल्यांकडं जास्त बघत होती. पहिल्या रांगेत, कोट घालून, मांडीवर पिशवी घेऊन कोण बसलं असेल तर इंगवले आण्णा.

“तुमी हितं?” मी विचारलं.

“तू हितं?” आण्णांनी विचारलं.

मी शेजारी बसले. आण्णांनी इकडं तिकडं बघितलं. “तीन हजार शेअर हाईत माझ्याकडं. जागेचं अठरा आलं की समदं ह्यातच टाकणार. पोराला बोलू नगंस.”

“म्हणजे माझी शेड विकून तुम्ही ह्यांच्या भट्टीत घालणार.”

“माझी शेड,” आण्णा म्हणाले.

मी मनात जुळवून बघितलं. मी माझे अकरा ध्वजमध्ये टाकून बावीस करणार. त्यातले अठरा आण्णांना देणार. आण्णा ते उचलून परत ध्वजमध्ये टाकणार. फिरून फिरून सगळं एकाच घरी. त्या घरच्या मालकाचं नशीब चांगलं होतं.

मालकाचं नाव शेखर दिवाण. गोरा, टापटीप, बोलायला गोड. त्याने चढत्या विक्रीचं सांगितलं, कर्जाचं सांगितलं, आणि मग हात पसरून म्हणाला, “ज्या सभागृहात आपण बसलो आहोत, तिथं आम्ही आमच्या कामगारांना घरचं जेवण देतो.”

घरचं. हे ऐकून माझ्या कपाळावरची शीर उडाली. मी खोटं कशाला लिहू, त्यावेळी माझ्या मनात कंपनीची तब्येत वगैरे काही नव्हतं. माझी पंचेचाळीस गिऱ्हाईकं पळवायला या माणसाला किती खर्च आला, एवढंच मला बघायचं होतं. जळफळाट म्हणा. मी सोबत आणलेलं पुस्तक आण्णांच्या मांडीवर टाकलं.

“आण्णा, ह्यात जेवणाचा आकडा कुठाय बघा.”

“कशाला?”

“बघा तर.”

आण्णांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. काट्यावर बसून बसून त्यांची नजर अशी झाली होती, की आकडा लपून बसला तरी त्यांना खोकून दाखवायचा. पार मागच्या पानांत, बारीक अक्षरात, त्यांना सापडला.

“कामगारांना भोजनपुरवठा. एक कोटी ब्याण्णव लाख. ठेकेदार... मालकाच्या मेव्हण्याची फर्म दिसतीय.”

“भांडी, बाकडी धरून?”

“न्हाई. ती खाली निराळी लिव्हल्यात. हे निस्तं जेवान.”

“आणि हा हिशोब कुठनं कुठपर्यंत?”

“एकतीस मार्चपतूर. समद्यांचाच आसतो.”

मी बोटं मोजली. मग परत मोजली. मग हात वर केला.

एका पोरीने आणून माईक दिला. मी माईक हातात पहिल्यांदाच धरत होते, पण त्याची मला गरज नव्हती, माझ्याच आवाजाने तो किंचाळला.

“साहेब, हे कॅन्टीन कधी सुरू झालं?”

दिवाण खुलला. “ताई, यंदा अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर.”

“म्हणजे मे महिन्यात.”

“बरोबर.”

“आणि हे पुस्तक मार्चपर्यंतचं.”

“बरोबर.”

“मग मार्चपर्यंत एक कोटी ब्याण्णव लाखांचं जेवण कुणी जेवलं?”

मला वाटलं होतं, आता सगळी सभा उठून उभी राहील. तसं काही झालं नाही. मागनं एकजण म्हणाला, “बाई, बसा आता, उपमा गार होतोय.” दुसऱ्याने विचारलं, कचोरी आहे का. दिवाण इतका छान हसला की मला त्याचं कौतुक वाटलं. “फार चांगला प्रश्न. ताई, आपण याचा तपशील केबिनमध्ये बघू.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पातेल्यांकडं धावले.

केबिनमध्ये गारवा होता. चहा आला, कपबशीतला.

“समोरची खानावळ तुमची ना?” दिवाण म्हणाला. “फार नाव ऐकलंय.”

“ऐकलं असेल. एकवीस वर्षं तुमची माणसं मीच जगवली. मार्चपर्यंत तर चौसष्ट.”

त्याने कपातला चमचा उगीच हलवला. मग म्हणाला, “खरं सांगू, आमच्या मेव्हण्यांना हे काम झेपत नाही. कॅन्टीन तुम्हीच का चालवत नाही? दहा लाख आगाऊ देतो. ह्याच आठवड्यात.”

अकरा आणि दहा एकवीस. अठरा आण्णांना, तीन हातात. शेड माझी. मला इथं शूरपणा मिरवायचा नाही, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पदर सावरायच्या निमित्ताने मी थोडा वेळ काढला.

“ताटं किती?”

“अडीचशे.”

“आणि बिल किती ताटांचं?”

“ते आमचे अकाउंटंट सांगतील. तुम्हाला फक्त सही करायची.”

तिथं मला उलगडलं. यंदा एक बाई उभी राहून बोलली, पुढच्या साली कुणी शिकलेला उभा राहील. तेव्हा दाखवायला मेव्हण्याच्या जागी दुसरं कुणीतरी नाव पाहिजे होतं. तिसरी शिकलेलं असलं तर फारच उत्तम. आणि दुसरं असं, की मी आयुष्यात कुणाला खाल्लेल्या चपातीचे पैसे सोडले नाहीत, पण न खाल्लेल्या चपातीचे कधी लावलेही नाहीत. धंद्यात माझी तेवढीच एक ऐट होती. ती विकायची तर दहा लाख कमी होते.

“साहेब,” मी विचारलं, “मेव्हणा नकोसा झालाय की अपुरा पडतोय?”

त्याचं हसणं तोंडावर होतं तिथंच राहिलं. “विचार करा, ताई.”

“केला. चहा चांगला आहे. इथं तेवढाच खरा दिसतोय.”

बाहेर फाटकाशी धैर्यशील स्कूटरवर बसून होता. मी पर्समधनं चेक काढला, त्याचे चार तुकडे केले आणि त्याच्या हातात दिले, रस्त्यावर कचरा नको म्हणून. दहा लाखांचं सांगितलं तेव्हा तो खाली उतरला आणि स्कूटर स्टँडवर न लावताच उतरला. स्कूटर आडवी झाली.

“आत्या, एका ओळीसाठी? पुस्तक सव्वाशे पानांचं आहे.”

“वरणात एकच पाल पडली तर बाकीचं वरण तू जेवतोस का?”

“पण जागेचं काय?”

शेअर नाही, ठेका नाही, सात लाख अजून कमीच. रस्ता एकच राहिला होता, तो आण्णांच्या दारात जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यांची वही पदराखाली घेऊन मी गेले. आण्णा ओट्यावर दाढी करत होते. मी सगळं सांगितलं, केबिनमधलंसुद्धा. त्यांनी शांतपणे वस्तरा धुतला.

“मालन, तुला जागा सोडायची न्हाई म्हणून तू हे बोलालीस.”

“व्हय. म्हणूनच बोलते.”

असं उत्तर येईल असं त्यांना वाटलं नसावं. एका गालावर फेस तसाच राहिला.

“मी आडून कशाला बोलू? तुम्ही शेअर घ्यायचे नाही म्हणालात तर तुम्हाला जागा विकायची घाई राहत नाही, आणि माझी खानावळ वाचते. माझा सरळ फायदा आहे. पण माझा फायदा आहे म्हणून वही खोटी होत नाही. ह्यात खोटं काय ते दाखवा, मी पाडव्याची वाट न बघता जागा खाली करते.”

त्यांनी वही घेतली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. प्रत्येक पानावर ध्वजच्या चौसष्ट जणांची नावं, कुणाचे किती डबे, कुणी पैसे कधी दिले, समोर त्याची सही. मोल्डिंगवाले, भट्टीवाले, दोन वॉचमन.

“ह्यांना जेवू मी घातलं,” मी म्हटलं. “पैसे ह्यांनी आपल्या खिशातनं दिले. बाकीचे घरनं भाकरी बांधून आणायचे, सगळी एमआयडीसी सांगेल. मग कंपनीनं दोन कोटींचं जेवण कुणाला वाढलं?”

आण्णांनी प्रत्येक पान बघितलं. मधेच एका सहीवर बोट ठेवून ती पुढच्या महिन्यातल्या सहीशी ताडून बघितली. मला राग आला, पण मी जीभ आवरली. तसा प्रसंग माझ्यावर क्वचित येतो. गालावरचा फेस वाळून गेला.

“गाडी आलीच न्हाई,” शेवटी ते म्हणाले, माझ्याशी नाही, वहीशी. “आन् काट्याची पावती फाटली.”

“मला काट्यातलं कळत नाही.”

“मला कळतंय. बत्तीस वर्सांत दोनदा बघितलंय. पावतीपुस्तकात एक पावती खोटी घावली की मी पुस्तक साहेबाच्या टेबलावर ठेवायचो. म्हणायचो, आता ह्यातली खरी कुठली ते तुमीच सांगा.” त्यांनी वही मिटली. “एकशेचाळीस कोटीचा माल तरी कुणी मोजलाय?”

आठवडाभरात त्यांनी तीन हजार शेअर एकशे एकोणीसला विकले आणि बारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मी माझे पंचवीस विकून एक मोठं स्टीलचं पातेलं घेतलं.

आणि मग ध्वजचा शेअर वर निघाला.

दिवाळीला एकशे चाळीस. पाडव्याला एकशे ऐंशी. पुढच्या दिवाळीत दोनशे त्रेसष्ट. दिवाणचा फोटो पेपरात, सत्कार, फेटा. आण्णा दर सोमवारी खानावळीच्या दारात यायचे आणि आत न येता आकडा सांगायचे. “आज चार लाख बत्तीस हजाराचं नुकसान झालं माझं. तुझ्यामुळं.” मग भाडं वाढवायचे. एका वर्षात दोनदा वाढवलं. धैर्यशील माझ्या पातेल्याकडं बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचा, “हे पातेलं साडेसहा हजारांचं झालं असतं.” उज्ज्वला पाठ फिरवायची, पण आता ती कुणाला हसत होती ते मला कळेनासं झालं होतं.

मी सगळ्यांना उलट उत्तरं दिली. पण रोज दुपारी समोरच्या फाटकातनं माल भरलेले ट्रक निघताना दिसायचे, आणि वाटायचं, मालन, तू एका जेवणाच्या ओळीवरनं पाच घरं शहाणी करायला निघालीस, तू आहेस कोण. धैर्यशीलने तर मला न सांगता पतसंस्थेतनं दोन लाख उचलून दोनशे चाळीसच्या भावाने शेअर घेऊन टाकले होते. ते मला नंतर कळलं, त्याचा हप्ता थकला तेव्हा.

तिसऱ्या साली श्रावणात फाटकाला बँकेची नोटीस लागली. विक्रीतला निम्मा माल कधी बनलाच नव्हता. पावत्या होत्या, तो माल घेणाऱ्या फर्मा होत्या, आणि त्या फर्मांमध्येही मेव्हणाच होता. दिसायचे ते ट्रक बाकीच्या निम्म्याचे. तीन आठवड्यांत शेअर नऊ रुपयांवर आला, आणि नऊलाही घेणारा नव्हता. कामगारांचे चार महिन्यांचे पगार अडकले. नोटीस लागली त्या दुपारी शंभरावर माणसं माझ्या शेडमध्ये जेवली, ज्यांच्या बायका गावाकडनं आल्या होत्या तीसुद्धा. पैसे मी वहीत लिहिले. पंधरा दिवसांनी मागितले नाहीत, पण लिहिले.

नोटिशीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी खानावळ रिकामी झाल्यावर, आण्णा आले. सोमवार नव्हता. दारात न थांबता आत आले आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसले. मी टेबल पुसत राहिले. तोंडाशी आलेलं वाक्य चार दिवस घोळवून तयार ठेवलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि ते मी गिळलं. फार जड गेलं.

“बारवाला पुना आलाय,” आण्णा म्हणाले. “चोवीस म्हनतोय.”

“मग द्या की.”

“तुला अठराच सांगितलं हुतं.”

“तेव्हा सांगितलं होतं.”

“मग आता बी तेवढंच.” त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली. “किती हाईत तुझ्याकडं?”

“चौदा. तुम्ही भाडं दोनदा वाढवलं नसतं तर पंधरा असते.”

“चौदा आता दे. बाकीचं दर म्हैन्याला दे सवडीनं.”

माझ्या हातातलं फडकं थांबलं. एकवीस वर्षं आणि वर ही दोन. पण पहिल्याच भावाला हो म्हणणं माझ्या रक्तात नाही.

“पत्रे गळतात,” मी म्हटलं. “ते तुमच्या अंगावर.”

“आगं, जागा तुझी झाल्यावर पत्रं माझ्या अंगावर कसं?”

“गळायला लागले तेव्हा मालक तुम्ही होता.”

आण्णांनी वर बघितलं. बराच वेळ बघत होते, जणू एकेक पत्रा काट्यावर घालत होते.

“सतरा,” ते म्हणाले. “आन् पत्र्याचं तुझं तू बघ. आता ताट वाढ.”

मी ताट वाढलं. रश्श्यात आपणहून एक अंडं जास्त टाकलं आणि त्याचे आठ रुपये वेगळे लावले.